पालक-शिक्षक संघाची तेरा वर्षांची दप्तरं वाचून : संघाचा पैसा नेमका कुठे हरवतो?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची शाळा आहे. खाजगी अनुदानित, पाचवी ते दहावी. २०२४-२५ च्या सोडतीत माझ्या नावाची चिठ्ठी निघाली आणि मी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत सहसचिव झाले. काम हातात घ्यायच्या आधी संघाचं जुनं दप्तर वाचायला मागितलं. मुख्याध्यापकांनी आढेवेढे न घेता कपाटाची किल्ली दिली. २०११-१२ ते २०२३-२४ च्या रोजकीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या), पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, व्हाउचरच्या फायली, इतिवृत्ताच्या वह्या आणि दोन पासबुकं. ओळीनं सगळं वाचलं. त्यावर इथे बोलावंसं वाटलं.

गावात एक समज पक्का आहे की संघाचा पैसा खाल्ला जातो. वह्या तसं सांगत नाहीत. जवळपास प्रत्येक खर्चाला बिल आहे. गॅदरिंगचा मंडप, बक्षिसांच्या वह्या, दहावीच्या सराव परीक्षेचे झेरॉक्स, पंख्यांची दुरुस्ती, १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाचा खाऊ, सगळं लिहिलेलं आहे. घोळ दिसतो तो वर्षाच्या सांध्यावर. मार्च २०१५ अखेर कीर्दीत शिल्लक १८,४३० रुपये. पुढची वही जुलै २०१५ ला सुरू होते आणि तिच्यात ‘मागील शिल्लक’ हा रकानाच कोरा. नव्या समितीनं नवं खातं उघडलं, नवी वर्गणी घेतली आणि काम पुढे चालू केलं. जुने पैसे जुन्या खात्यातच राहिले. त्या खात्यावर सही करणारे मुख्याध्यापक निवृत्त झाले होते आणि दुसऱ्या सहीच्या पालकांची मुलगी दहावी होऊन गेली होती. म्हणून पासबुकं दोन.

तेरा वर्षांत असा सांधा पुन्हा पुन्हा निखळलाय. कधी दोन-तीन हजार रोख जुन्या सचिवांकडून यायचे राहिले आणि वर्षभरानं ‘इतर जमा’ म्हणून आले. कधी उधारीचं बिल मागच्या समितीचं म्हणून नव्या समितीनं दिलंच नाही आणि मंडपवाल्यानं पुढच्या वर्षी ते भाड्यात लावून वसूल केलं. माझं मत असं झालंय की आपल्या संघांचा पैसा हात मारल्यामुळे कमी आणि हात बदलताना जास्त हरवतो. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात कार्यकारी समिती सोडतीनं निवडायची आणि तिची मुदत एका शैक्षणिक वर्षाची, हे ठरलेलं आहे. कायदा चांगला आहे, त्यानं निम्म्या जागा बायकांना दिल्या. पण दरवर्षी माणसं बदलणार असतील तर हिशेब माणसांच्या डोक्यात ठेवून कसं भागेल?

आणखी एक. कीर्दीतून दुष्काळ दिसतो. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या काळात, आमच्या संघाचा जवळपास सगळा खर्च टँकर आणि जारवर आहे. त्या वर्षी बक्षिसं नाहीत, सहल नाही. २०२०-२१ च्या वहीत तर पानंच कोरी आहेत.

तुमच्याकडे मागची शिल्लक पुढच्या समितीकडे कशी जाते? अनुभव लिहा.

निवृत्त_गुरुजी_परभणी

ताई, अभ्यास करून लिहिलंत, बरं वाटलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. आमच्याकडे पालक-शिक्षक संघ आणि माता-पालक संघ कागदावर असायचे, पण पैशाचा व्यवहार आधी ग्राम शिक्षण समितीकडे आणि शिक्षण हक्क कायदा आल्यावर शाळा व्यवस्थापन समितीकडे. अध्यक्ष पालकांतला, सदस्य सचिव मुख्याध्यापक, खातं दोघांच्या सहीचं.

हा पैसा कसा बदलत गेला ते सांगतो. सर्व शिक्षा अभियानात शाळा अनुदान प्राथमिकला ५,००० आणि उच्च प्राथमिकला ७,०००, शिक्षकामागे साहित्याला ५००, देखभालीचं वेगळं. रक्कम छोटी, पण खात्यात यायची आणि पुरवून वापरता यायची. २०१८-१९ पासून समग्र शिक्षा आली आणि सगळं मिळून एक संयुक्त शाळा अनुदान झालं, पटावर ठरणारं. शंभरच्या वर पट असेल तर ५०,०००, अडीचशेच्या वर ७५,०००. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. ज्या वाडी-तांड्यावर पट तिसाच्या आत आहे तिथे १०,०००. आता बघा, छप्पर दहा पोरांचं असो की शंभर पोरांचं, पावसात तेवढंच गळतं. लहान शाळेला सादिल म्हणजे किरकोळ खर्चालाच पुरत नाही.

मग २०२१ ला केंद्रानं एकल खात्याची पद्धत आणली. शाळेच्या खात्यात शिल्लक शून्य, वर फक्त खर्चाची मर्यादा दिसते. मार्चअखेर वापरली नाही तर गेली. सरकारी पैसा पडून राहू नये हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण लोकवर्गणी त्या खात्यात टाकायची नाही, तिच्यासाठी संघाचं वेगळं बचत खातं हवं. हे कैक मुख्याध्यापकांच्या उशिरा ध्यानात आलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या शिक्षण खात्यात आधीपासून आहे. बदली झाली की हेडमास्तर ‘चार्ज’ देतो. डेडस्टॉक रजिस्टर (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही), कीर्द, पासबुक, चेकबुकातल्या कोऱ्या चेकचे नंबर, सगळ्याची यादी, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. शिक्षकाला चार्ज दिल्याशिवाय सोडत नाहीत. पालक पदाधिकाऱ्याला मात्र कुणी चार्ज मागत नाही. मागायला लागा.

अजिंठ्याच्या_पायथ्याला

मला वेगळं म्हणायचंय. संघानं पैसा गोळाच का करावा? देणगी शुल्काला बंदी करणारा कायदा महाराष्ट्रात १९८७ पासून आहे. शिक्षण हक्क कायद्यातही प्रवेशासाठी पैसे घ्यायला मनाई आहे. तरी ‘संघाची वर्गणी’, ‘विकास निधी’, ‘स्वेच्छा मदत’ अशी नावं लावून पैसे मागतात. रक्कम छोटी असते, कबूल. पण वर्गात थकबाकीची यादी वाचली जाते. ज्याच्या बापानं दिले नाहीत ते लेकरू मान खाली घालून उभं राहतं. माझ्या पुतण्यानं त्या कारणानं दोन दिवस शाळेत जायचं टाळलं. शिल्लक कशी पुढे न्यायची याच्या आधी ती कशी जमा झाली ते बोला.

मांजराकाठ

दादा, तुमचा मुद्दा मला मनापासून पटतो. आमच्या वह्यांतही ‘बाकीदार पालक’ अशी पानं आहेत आणि ती वाचताना मलाही वाईट वाटलं. सभासद वर्गणी शुल्क विनियमन कायद्यानं ठरवून दिलेली, वर्षाची आणि लहान. त्यापलीकडचं सगळं ऐच्छिक, आणि ऐच्छिक म्हटल्यावर त्याला ‘बाकी’ असूच शकत नाही. ती पानं बंद व्हायलाच हवीत, हे मी पुढच्या सभेत मांडणार आहे.

पण गोळाच करू नये, इथे मी तुमच्यासोबत नाही. २०१६ चा टँकर कुणी आणला असता? मंजुरी येईपर्यंत लेकरं तहानेली बसली असती.

बाकी का राहते याचंही उत्तर स्थळप्रतींवरच्या तारखांत सापडलं. वर्गणी मागतात जूनमध्ये, शाळा उघडली की. आपल्याकडे जून म्हणजे पेरणी. बियाणं, खत, औतकाठी, घरात होता तो पैसा मातीत गेलेला. हाती पैसा येतो दसरा-दिवाळीला, सोयाबीन मोंढ्यावर गेल्यावर. आमच्या पावत्यांत जून-जुलैला नोकरदार आणि दुकानदार पालकांची नावं आहेत, शेतकऱ्यांची बहुतेक नावं नोव्हेंबरात. ज्या वर्षी ऑक्टोबरच्या पावसानं सोयाबीन काळं पडलं, त्या वर्षी नोव्हेंबरच्या पावत्याही पातळ. ज्यांना आपण बाकीदार म्हणत होतो ते उशिरा का होईना, देत होते. मागायचा महिना चुकत होता.

कोयता_आणि_पाटी

बीडकडचा आहे. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होतो, मी स्वतः ऊस तोडलाय. ताईचं महिन्याचं बोलणं लई खरं आहे, पण आमच्याकडं अजून एक गोष्ट. दसरा झाला की निम्मं गाव कारखान्याला जातं. मुकादमाची उचल घेतलेली असती, थांबता येत नाही. परत येतात मार्च-एप्रिलात. आता सांगा, मार्चअखेरचा हिशेब ऐकायला पालक गावात आहे का? सभा होते, कोरम भरत नाही, तहकूब होते, मग आहेत त्या चार माणसांच्या सह्यांवर मंजूर.

आमच्या समितीकडं हंगामी वसतिगृह होतं. आई-बाप ऊसाला गेले की लेकरं आजीजवळ राहायची, जेवण शाळेत. सरकार लेकरामागं पैसे देतं, पण ते येईपर्यंत किराणावाला उधार देतो म्हणून चूल पेटती. ज्याच्या लेकराच्या ताटात ते जेवण पडतं तो बाप तिकडं फडात, आणि हिशेबावर सही तिसऱ्याची. हे मला बरोबर वाटंना. आम्ही मग एक केलं. पितृपाटा झाला की, लोक निघायच्या आधी, मोठी सभा. त्यात मागच्या हंगामाचा सगळा हिशेब मोठ्यानं वाचायचा, किराण्याचं बिल किती, लेकरं किती, किती दिवस. आणि येणाऱ्या हंगामाला दुकान कोणतं ते पालकांनीच ठरवायचं. बायकाच जास्त बोलल्या. तेलाचा भाव काय लावला, डाळ किती किलो, एकेक विचारलं. त्या वर्षीपासून भांडण कमी झालं.

औंढा_नागनाथ

बायकाच बोलणार दादा, कारण आम्हाला हिशेबाची सवय बचत गटानं लावलीय. आमच्या गटात दर बैठकीला पहिलं काम म्हणजे मागची शिल्लक वाचणं. पेटीत किती, बँकेत किती, कर्जावर किती. जी बाई वाचते तिला लिहिता येत नसलं तरी आकडा पाठ असतो आणि दुसरी लगेच म्हणते, मागच्या बैठकीला तर इतके होते. वही हरवली तरी वीस बायकांच्या तोंडी शिल्लक राहते. शाळेतल्या सभेत मात्र हिशेब वार्षिक आणि तोही ‘सर्वानुमते मंजूर’. शुल्क विनियमन कायद्यात कार्यकारी समितीची सभा तीन महिन्यांतून एकदा सांगितलीच आहे. प्रत्येक सभेच्या इतिवृत्ताची पहिली ओळ शिल्लकेची ठेवा. दुसरा काही खर्च नाही याला.

आणि सही करणारे निवडताना ज्यांचं लेकरू पाचवी-सहावीत आहे अशी आई घ्या. दहावीच्या पालकाला सहीदार केलं की वर्षभरात तो शाळेबाहेर.

नांदेडचा_बँकवाला

मांजराकाठ ताई, तुमच्या जुन्या पासबुकाबद्दल घाईनं लिहितोय, कारण त्यात वेळेचा प्रश्न आहे. खात्यात दोन वर्षांपेक्षा जास्त काळ खातेदारानं स्वतः काही व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होतं. बँक टाकते ते व्याज व्यवहारात धरत नाहीत. आणि शेवटच्या व्यवहारापासून दहा वर्षं तसंच पडलं की शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीकडे वळते. हा निधी २०१४ पासून आहे. तुमचा शेवटचा व्यवहार मार्च २०१५ चा असेल तर मार्च २०२५ ला दहा वर्षं भरतात. तिकडे गेला म्हणून पैसा बुडत नाही, बँकेमार्फत परत मागता येतो, पण कागदपत्रं वाढतात. त्याआधीच जा.

एप्रिल २०२४ पासून निष्क्रिय खातं चालू करायला बँक शुल्क लावू शकत नाही, किमान शिल्लक नाही म्हणून दंडही नाही. सोबत न्यायचं : सही बदलाचा सभेतला ठराव, आत्ताच्या समितीची यादी, शाळेचं पत्र, नव्या सहीदारांची ओळखपत्रं, आणि जुना सहीदार हयात व जवळ असेल तर त्याचं संमतीपत्र. शेवटचं सक्तीचं असतंच असं नाही, पण शाखेत काम सोपं होतं.

सगळ्यांसाठी एक विनंती. सहीदार गेल्यावर नवं खातं उघडू नका, जुन्यावर सह्या बदला. नवं खातं सोपं वाटतं म्हणून शाळेशाळेत अशी दोन-तीन खाती तयार झालीत. आणि मोबाइलवरून वर्गणी घेणार असाल तर क्यूआर कोड संघाच्या खात्याचा लावा. आता सर्रास एखाद्या शिक्षकाच्या किंवा उत्साही पालकाच्या वैयक्तिक नंबरवर पैसे येतात. माणूस प्रामाणिक असला तरी त्याच्या पगारात, दुधाच्या पैशात, भिशीत ती वर्गणी मिसळते आणि वर्षाअखेर वेगळी काढता येत नाही. पूर्वी पेटीतली रोकड निदान मोजता तरी यायची.

जालना_शिक्षिका

हिशेबात न दिसणाऱ्या एका खर्चाबद्दल लिहिते. २२ जून २०१५ चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा शासन निर्णय आला आणि डिजिटल शाळांची लाट आली. आमच्या गावानं झपाटून वर्गणी दिली. टीव्ही, प्रोजेक्टर, इन्व्हर्टर, भिंती रंगवल्या. गुढीपाडव्याला मिरवणूक काढून साहित्य शाळेत आणलं. मी त्यात होते आणि तो दिवस मला आजही मोलाचा वाटतो. मुलं खरंच शिकली त्यावर.

पण वस्तूसाठी माणूस मोकळ्या हातानं देतो, वीजबिलासाठी देत नाही. टीव्हीवर दात्याचं नाव लिहिता येतं, बॅटरीच्या पाण्यावर लिहिता येत नाही. तीनेक वर्षांत इन्व्हर्टरची बॅटरी उतरली, बिल थकलं, लाइन कापली गेली आणि संच कपाटात. डेडस्टॉकात तो अजून पूर्ण किमतीला आहे. माझं सांगणं इतकंच की लोकवर्गणीतून काही घेताना त्याच ठरावात लिहावं, याचं बिल कोण भरणार, दुरुस्तीला दरवर्षी किती बाजूला काढायचे. देणाऱ्याला आधीच सांगायचं की तुमच्या दहा हजारांतले आठ वस्तूला आणि दोन ती चालू ठेवायला. आम्ही नंतर जलशुद्धीकरण यंत्र घेताना असं केलं. देणाऱ्यांनी कुरकुर केली नाही, उलट विचारलं की आधी का नाही सांगितलं.

अजिंठ्याच्या_पायथ्याला

शिक्षिका ताईंचं म्हणणं पटलं. वर्गणीच्या विरोधात मी अजूनही आहे, पण ती घ्यायचीच असेल तर अशी. आणि एक अट घाला, पैसे गोळा करण्याचं काम वर्गशिक्षकाकडे नको. शिक्षकानं मागितलं की पालकाला ते ऐच्छिक वाटतच नाही. पालकानं पालकाला मागावं, शाळेच्या बाहेर, पारावर नाहीतर बाजारात.

निवृत्त_गुरुजी_परभणी

हे अगदी मान्य. आमच्यावर ते काम टाकल्यानं आमचंही नुकसानच झालं. वसुली करणाऱ्या गुरुजीकडे पालक मुलाच्या अभ्यासाचं बोलायला येईनासा होतो.

महागाईचंही कुणीतरी लिहावं. २०१२ ला १०० धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ मध्ये १८५ च्या वर गेला. म्हणजे त्या वेळी शंभराला येणारं सामान आता जवळपास दुप्पट किमतीला. वर्गणी तीच, अनुदानाचे टप्पेही २०१८ पासून साधारण तेच. कीर्दीत जमेची बाजू सारखी दिसते म्हणून संघ ठीक चाललाय असं समजू नका. बक्षिसाच्या वह्या किती आल्या ते मोजा.

मांजराकाठ

गुरुजी, तुमचं वाचून लगेच व्हाउचर काढली. २०१२-१३ ला बक्षिसांना जितके पैसे लागले, साधारण तितकेच गेल्या वर्षीही लागलेत, पण तेव्हा प्रत्येक वर्गात पहिल्या तिघांना वह्यांचा संच होता आणि आता फक्त पहिल्याला.

बँकवाले दादा, तुमच्यामुळे धावपळ केली. आधी कार्यकारी समितीची सभा बोलावली, ठराव झाला, मग बँकेत गेलो. निवृत्त मुख्याध्यापक उदगीरला राहतात. फोन केल्यावर ते स्वतः एसटीनं आले, सही करून दिली आणि म्हणाले, मला आजवर कुणी विचारलंच नाही. शाखेनं कागद घेतलेत, खातं चालू झालं की दोन्ही खात्यांची शिल्लक एकत्र करू आणि नवं खातं बंद करू.

ठराव इथे देते, कुणाला लागला तर घ्या :

“ठराव क्र. ३. संघाचे बचत खाते पूर्वीच्या सहीदारांच्या निवृत्तीमुळे व पाल्य शाळा सोडून गेल्यामुळे वापरात नाही. सदर खात्यावरील पूर्वीच्या सह्या रद्द करून मुख्याध्यापक तथा अध्यक्ष आणि सहसचिव (पालक) यांच्या संयुक्त सह्यांनी व्यवहार करण्यास ही सभा मंजुरी देते. यापुढे समिती बदलल्यास नवीन खाते न उघडता याच खात्यावर सह्या बदलण्यात याव्यात. मावळत्या समितीने रोख शिल्लक, पासबुक, चेकबुक, पावतीपुस्तके, येणे व देणे यांची चार्ज यादी नवीन समितीच्या पहिल्या सभेत वाचून दाखवून सुपूर्द करावी व ती इतिवृत्तात चिकटवावी. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.”

याच सभेत आणखी दोन गोष्टी झाल्या. बाकीदारांची पानं बंद. आणि ऐच्छिक मदतीचं आवाहन दिवाळीनंतर, पालकांनीच करायचं.

नांदेडचा_बँकवाला

ठराव छान झालाय, एकच भर घाला. ‘संयुक्त सह्यांनी’च्या पुढे लिहा, ‘दोघांपैकी एक पद रिक्त असल्यास उपाध्यक्ष (पालक) यांची सही ग्राह्य धरावी’. मुख्याध्यापकांचं पद रिकामं राहिलं की महिनोन्महिने खातं अडकतं. आणि ठरावाच्या प्रतीवर पानाचा नंबर आणि सभेची तारीख असू द्या, शाखेत पहिलं तेच बघतात.

औंढा_नागनाथ

चार्ज यादीत ‘देणे’ लिहिलंत ते फार चांगलं केलंत ताई. आमच्याकडे मंडपवाल्याचे गेल्या वर्षीचे पैसे अजून राहिलेत आणि नवी समिती म्हणायली, आम्हाला माहीत नाही. हा ठराव सोमवारच्या सभेत मांडते.